मला ही नोकरी नको

“खरं बोल, पण हळू बोल. खऱ्याला ओरडावं लागत नाही.”

आईचे हे शब्द रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना मी मनाशी म्हणते, मगच घराबाहेर पडते. त्या दिवशीही म्हटले होते. कवळ्या बनवणाऱ्या एका कार्यशाळेत जागा होती. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत जाहिरात आलेली. मी दार ढकललं आणि — खळ्ळकन्! पलीकडच्याच्या हातातला ट्रे उडाला. फरशीभर दात!

आम्ही दोघंही गुडघ्यांवर.

“तुमचे किती?” गोंधळून मी भलतंच विचारलं.

“बत्तीस. पण ते अजून तोंडात आहेत,” तो म्हणाला. “हे गिऱ्हाइकांचे.”

मला हसू आवरेना. त्याने दोन दाढा माझ्या तळहातावर अलगद ठेवल्या. बोटं लागली... आणि जरा रेंगाळली.

“मी नोकरीसाठी आलेय.”

त्याचं हसू मावळलं. का, ते आतल्या खोलीत कळलं. मालकांना सगळे मामा म्हणत. त्यांनी कपाळावर हात मारला.

“अहो, त्या जाहिरातीला कुणी येतं का!”

“मग दिलीत कशाला?”

“याच्यासाठी! हा परदेशातला. याला कायमचं ठेवायचं तर आधी जाहिरात द्यायची, आणि या कामाला इथलं एकही लायक माणूस मिळालं नाही, असं सिद्ध करायचं. तुम्हाला अनुभव किती?”

“चार वर्षं.”

“बोंबला! दोन पुरे होती.”

म्हणजे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे! मामा काकुळतीला आले. “बाई, एवढंच म्हणा — मला ही नोकरी नको. बाकी मी बघतो.”

पण मला ती हवी होती. माझी जुनी कार्यशाळा बंद पडली होती, आणि हे सोडून दुसरं काम मला येत नव्हतं. खोटं बोलवेना, खरं बोलून त्याचं वाटोळं करवेना. दातखिळीच बसली.

त्यानेच ती सोडवली. “मामा, खरं तेच कळवा.”

“अक्कलदाढे, तुझा अर्ज बंद होईल रे!” मामा कळवळले. हा उशिरा आला, म्हणून त्यांनी त्याचं नाव अक्कलदाढ ठेवलं होतं.

झालंही तसंच. मी पात्र ठरले, म्हणून तो अपात्र. टेबलावर दोघांना पुरून उरेल एवढं काम पडलेलं, मामा दोघांनाही ठेवायला तयार. पण नियमाला काम दिसत नाही, माणूसही दिसत नाही. एकीची लायकी हा दुसऱ्याचा गुन्हा! हा कुठला न्याय? देवाच्या दारातही एकाला आत घ्यायला दुसऱ्याला ढकलत नाहीत.

हाताशी असलेल्या परवान्यावर त्याला उन्हाळ्यापर्यंत राहता येणार होतं. तोवर आम्ही शेजारी शेजारी बसून काम केलं. मी मेण तापवायची, तो साचे ओतायचा, आणि मी त्या नियमाच्या नावाने दातओठ खायची.

“एक सांगू?” तो म्हणाला. “रागावलात की तुमचा आवाज आणखी खाली जातो. ऐकायला जवळ यावं लागतं.”

“मग नका ऐकू.”

“छे! तुम्ही रागवत राहा ना...”

मेण उतू गेलं. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही — म्हणजे, पाहिलं.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलं नाही. मामांना मात्र सगळं कळलं होतं. एकदा चहा घेताना म्हणाले, “लग्न करून टाका की! राहायचा प्रश्नच मिटेल.”

मी लाजून मान खाली घातली. तो मात्र ताडकन् उठला.

“नाही, मामा! उद्या कुणी साहेब हिला विचारणार, प्रेम खरं कशावरून? आणि हिने पुरावे देत बसायचं?” मग माझ्याजवळ येऊन, माझ्याच आवाजात — हळू — म्हणाला, “मला तुला एक विचारायचंय. पण इथे नाही. इथे त्याला परवान्याचा वास येईल. माझ्या घरी विचारेन, जिथे राहायला मला कुणाची परवानगी लागत नाही. येशील?”

“येईन.”

तो गेला. अक्कलदाढ निघताना दुखते म्हणतात... खोटं नाही.

नंतर मी त्याच्या देशाच्या व्हिसा कचेरीत गेले. काचेपलीकडच्या बाईंनी मान वर न करताच विचारलं, “कामासाठी? तुमच्या कामाला तिथे माणूस मिळत नाही, असं मालकाने सिद्ध केलंय का?”

तोच प्रश्न! फक्त काच दुसरी. रागाने माझा आवाज इतका खाली गेला, की बाईंना पुढे वाकावं लागलं.

“मला नोकरी नको.”

त्या दिवशी जे तोंडातून निघालं नव्हतं, ते आज अगदी खरं होतं.

“मग कशासाठी जायचंय?”

“एकाला उत्तर द्यायचंय.”

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे पाहिलं... आणि शिक्का उमटला.

मामांनी रजा दिली, वर दटावलंही — “उत्तर देऊन परत ये हो, कवळ्या खोळंबल्यात!”

आज पहाटे दिवा लावला, आईचे शब्द म्हटले. बाबा अजून झोपले होते. त्यांच्या पायांना हात लावला, पिशवी उचलली, आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.