कच्ची भुकटी

क्रेनचा सांधा तुटला आणि एका हमालाचा पाय गेला.

सांधा छापला होता या कारखान्यात, थ्री-डी छपाईच्या मशीनवर. धातूच्या भुकटीचा थर, त्यावर लेझरची आच, पुन्हा थर. खापर फुटलं मशीन चालवणाऱ्या बाईवर. कबुलीचा कागद तयार होता. पाचपर्यंत सही, नाहीतर पोलीस. गरिबाच्या कबुलीला साहेबलोकांकडे शाई कधी संपत नाही.

मालकाला विम्यासाठी अहवाल हवा होता, म्हणून खासगी तपासनीस मावशी आली. वही घेऊन मागोमाग तिचा टकला भाचा.

"हिने काच पुसली नाही," मॅनेजर म्हणाला. "काचेतून कॅमेरा वितळलेला ठिपका बघतो. फिका दिसला की मशीन लेझर वाढवतं, भगभगीत दिसला की उतरवतं. काच काजळली, सगळं फिकं दिसलं, लेझर वाढत गेला. धातू करपला!"

"माल वेळेत गेला?"

"म्हणजे काय! त्याच दिवशी दुपारी चारला सांधा माझ्या टेबलावर होता."

भाच्याने 'काच' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

"पुसली हो मावशी," बाई म्हणाली. "सकाळी दहाला काम लावलं. नऊ तासांचं काम ते. बाराला हे साहेबच म्हणाले, जा घरी, मी बघतो."

"लेझरचा वेग हाताने वाढवता येतो?"

"कॅमेऱ्याचा ताबा बंद केला तरच. त्याची किल्ली साहेबांकडे."

मावशीने तुटका सांधा कोऱ्या कागदावर आपटला. चिमूटभर राखाडी पूड पडली.

"धूळ," भाचा म्हणाला.

"धूळ नव्हे रे, शहाण्या. न वितळलेली भुकटी. काच काजळली असती तर आच जास्त झाली असती. इथे तर कमी पडली."

"का?"

"दहाला लावलेलं नऊ तासांचं काम चारला टेबलावर कसं आलं? लेझर भरभर पळवला, म्हणून आच पुरली नाही. आणि पळवायचा म्हणून आधी मशीनचे डोळे बांधले."

भाच्याने 'काच' खोडलं. सगळ्यांची नजर मॅनेजरच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेली.

"गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं," तो पुटपुटला.

मावशीने कबुलीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "'माझ्या हलगर्जीमुळे' इथवर मजकूर बरोबर आहे. नाव तेवढं बदला."

पाचला दहा मिनिटं कमी होती. बाईने हातातलं पेन त्याच्यापुढे ठेवलं.

"माझं आहे," ती म्हणाली. "सही झाली की परत द्या."