हळदीच्या पाल्याचा प्रेमदास

तो उपकेंद्राच्या दारात आला, आधी हसला आणि मग खोकला. कुरुंद्याच्या शिवारात हळद शिजवायला आलेल्या टोळीतला होता, हे सांगायला नकोच. नखांपासून पापण्यांपर्यंत पिवळाजर्द. करुणा तिथली नर्स. तिच्या मनात आलं, हा तर नवरदेवच मांडवातून उठून आलाय... आणि मग स्वतःच लाजून ती औषधांच्या कपाटाकडे वळली.

टोळीतल्या एकाला थंडी वाजून ताप येतोय, त्याच्यासाठी गोळ्या हव्यात, असं तो म्हणाला. रक्त तपासल्याशिवाय गोळी मिळत नाही, माणूस घेऊन या, असं तिनं बजावलं. तो येणार नाही, कामाला खाडा पडतो, असं त्याचं उत्तर. मग त्यानं आपलंच बोट पुढं केलं.

"त्याच्या बदली माझं रक्त घ्या की."

"तुमचं कशाला? तुमी तर चांगले धडधाकट दिसून राहिले."

"म्हंजे... बघून राहिल्या तुमी."

करुणानं सुई जरा जोरातच टोचली. हात तव्यासारखा तापला होता. दिवसभर भट्टीपाशी असतो, तापतातच हात, असं तो म्हणाला आणि तिला ते पटलंही. तिनं नाव विचारलं.

"प्रेमदास. पण मोठ्यानं हाक मारू नका."

"काहून?"

"कुणीतरी ऐकतं..."

तो हसत होता, डोळे मात्र हसत नव्हते. तपासणीच्या पट्टीवर रेघ उमटेपर्यंत थांबा, असं ती म्हणाली, तर भट्टी पेटती सोडून आलोय म्हणत तो निघूनही गेला. त्याच्या निळ्या चौकड्याच्या शर्टातल्या पाठीकडे ती उगाच बघत राहिली. मग तिची नजर पट्टीवर गेली. मलेरिया, तोही डोक्यात चढणारा. आजारी माणूस तोच होता. हळदीत सगळेच पिवळे, मग डोळे कुणाचे पिवळे झालेत हे कोण बघणार?

तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला आणि स्कूटी काढली.

भर दुपार होती. हळदीच्या कुकरमधून वाफ फुसफुसत होती आणि तिच्या धुक्यात माणसं सावल्यांसारखी हलत होती. प्रेमदास कुठाय, असं विचारलं की जो तो मान खाली घालायचा. शेवटी एका बाईनं कडेच्या कापडी पालाकडे नुसतं बोट केलं.

पालाच्या तोंडाशी चपला होत्या. आत वाकळ पांघरून कुणीतरी झोपलं होतं, बाहेर त्याच निळ्या चौकड्याच्या शर्टाची बाही आली होती. उशाला पाण्याचा तांब्या. करुणानं वाकून हाक मारली, "प्रेमदास..." वाकळ हळूच वर आली, खाली गेली, श्वास घेतल्यासारखी. तिनं ती ओढली.

शर्टात हळदीचा वाळका पाला भरलेला होता.

"नाव घेतलंस व्हय त्याचं?" मागून आवाज आला. प्रेमदासची मावशी, द्वारकाबाई. ती करुणाला हात धरून बाहेर घेऊन गेली. लिंबाखाली राखेचं रिंगण होतं आणि त्यात खरा प्रेमदास कुडकुडत पडला होता. करुणाला बघून त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

द्वारकाबाईनं सांगितलं ते असं. उपकेंद्रातून परतताच तो भट्टीपाशी कोसळला होता. ताप डोक्याकडे निघाला की त्यांच्या टोळीत माणसाचं नाव पाल्याच्या पुतळ्याला देतात. ताप नाव ऐकतो, नावामागे जातो आणि माणूस सुटतो. पण तो मग बिननावाचा. कुणी नवं नाव देईपर्यंत त्यानं रिंगणाबाहेर पाय टाकायचा नाही.

"मग द्या ना नाव. गाडी येऊन राहिली, वसमतला न्यायचंय त्याला."

"नाव जो ठेवतो त्याच्या उंबऱ्याचा होतो मानूस, पोरी. याला नाव द्यायला माय न्हाई, बायको न्हाई. मी विधवा, माझ्या तोंडून चालत न्हाई."

करुणाचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण त्याचा होता. टोळीतल्या दोघांनी उचलायला हात लावला, तर त्यानं मुठीत माती घट्ट धरली आणि तो जागचा हलेना. बांधावर गाडीचा भोंगा वाजला. त्याचे पिवळे डोळे तिच्याकडेच लागले होते. हा मेला तर... तिला तो विचारच सोसेना. घाईत एकच नाव तोंडात आलं, तिच्या आजोबांचं.

"जळबा, उठा."

मागं पालात पाला खसखसला. वारा तर पडला होता. आणि तो उठला.

उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं वसमतच्या डॉक्टरांनी सांगितलं. ड्युटी संपली की करुणा डबा घेऊन जायची. तिथल्या नर्सा तिला चिडवायच्या. हा पोरगा जळबा म्हटल्याशिवाय गोळीसुद्धा घेत नाही आणि जळबा म्हणताना तूच का लाजतेस, असं विचारायच्या.

तो बरा होऊन आला तेव्हा टोळीनं डोंगरकडा गावाचा रस्ता धरला होता. पालं उठली होती, कडेचं एक सोडून. दोघं बांधावर उभे होते. दिवस मावळतीला आला होता, हळदीचा वास अजून हवेत होता.

"तुमी मोकळे आहात," करुणा म्हणाली. "ते नाव नुसतं उठवायला ठेवलं होतं."

"टोळी गेली. मी न्हाई गेलो."

"काहून?"

"उंबरा बघायचा राहिला..."

हा मला हवाय, असं तिनं तेव्हाच स्वतःशी कबूल केलं. तोंडानं मात्र म्हणाली, "बाबा काय म्हणतील? जावई आला तो सासऱ्याच्या बापाचं नाव घेऊन."

तो हसणार, तेवढ्यात पालातून हाक आली.

"प्रेमदास..."

करुणाच्या अंगावर काटा आला. आवाज तिचाच होता. त्या दुपारी वाकून मारलेली हाक, जशीच्या तशी. त्याचा चेहरा रिकामा झाला, मान तिकडे वळली आणि एक पाय बांधाखाली उतरला.

तिला त्याला बोलवायचं होतं. पण ज्याच्यासोबत जन्म काढायचा त्याला आजोबांच्या नावानं कसं बोलवणार? जीभ रेटेना. पुन्हा हाक आली, आता जवळून.

"अहो..." करुणा म्हणाली. "अहो, इकडे बघा ना."

तो थांबला. हळूहळू वळला आणि तिच्याकडे असा बघत राहिला, जणू आत्ताच पहिल्यांदा भेटला होता. पालातली खसखस थांबली.

"हेच नाव राहू द्या," तो म्हणाला. "हे तापालाबी चोरता येणार न्हाई."

करुणानं त्याचा हात धरला. तो गार होता, ताप उतरलेल्या माणसाच्या हातासारखा, आणि गाव येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.