कुंकवाची तुटलेली रेघ

हेमचंद्राची एक खोड प्रमिलाआजींना मुळीच खपत नसे. काम अर्धं करायचा आणि ऐट पुऱ्या कामाची मिरवायचा. जुनी फोर-बाय-फोर गाडी घेतली, तिला पुढून ओढायचा हुक हवा होता. गॅरेजमध्ये न्यायचं सोडून यानं दुबईतल्या अल कुसैसच्या बिल्डिंगखाली स्वतःच पाना फिरवला आणि वर आईला पूजेला बोलावलं. आजींनी नारळ वाढवला आणि हुकापासून बंपरपर्यंत कुंकवाची सलग रेघ ओढली. नवी वस्तू जुन्याला अशी जोडून द्यायची, ही त्यांच्या माहेरची रीत.

हिवाळ्याची सुट्टी लागताच सगळे वाळवंटात निघाले. शेजारच्या अजराभाभी आपली गाडी घेऊन मागून आल्या आणि पहिल्याच उतारावर गाडीचं नाक वाळूत रुतवून बसल्या. हेमचंद्र खुशच झाला. समोरासमोर गाडी लावून त्यानं ओढायचा पट्टा हुकात अडकवला आणि रिव्हर्स घेतला. भाभींची गाडी तसूभर हलली नाही. आता पट्टा ढिला करून जोरात मागे झटका देतो, म्हणाला.

नात सृष्टी बंपरजवळ वाकली होती. तिनं भावाला खुणावलं. "वरद, लुक. आजीची रेघ तुटली आहे."

खरंच, हुकावरचं कुंकू पुढे सरकलं होतं, बंपरवरचं जागच्या जागी होतं. वरद वाळूत पालथा पडून गाडीखाली शिरला. बोल्ट नुसत्या बंपरच्या पत्र्यात होते, गाडीच्या चासीपर्यंत, खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत पोचलेच नव्हते. पत्रा वाकला होता. झटका बसला असता तर हुक उडून थेट अजराभाभींच्या काचेवर गेला असता.

मुलांनी बाबांना सांगितलं. बाबांनी त्यांना पाणी पिऊन सावलीत बसायला सांगितलं.

मग सृष्टी आजीच्या कानाशी लागली. हेमचंद्र गाडीत चढेपर्यंत पोरांनी पट्टा सोडला, गुंडाळला आणि त्यावर आजी पदर सावरून बसल्या.

"आई, ऊठ ना. यल्ला, चल लवकर, उशीर होतोय."

"मला उचल आधी. मग झटका दे."

हेमचंद्रानं आईकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि गाडी वळवली. मागचा हुक कंपनीचा, चासीला पक्का. तेव्हा कुठे आजी पट्ट्यावरून उठल्या. वाळूत पकड यावी म्हणून वरदनं भाभींच्या टायरमधली हवा कमी करवली, सृष्टीनं चाकांपुढची वाळू उपसली. हलकेच ओढताच भाभींची गाडी वर आली.

"आंटी, आपके बच्चों ने तो आज मुझे बचा लिया," अजराभाभी दोघांना जवळ घेत म्हणाल्या.

हेमचंद्र पुढचा हुक हलवून बघत होता. पत्र्याच्या तुकड्यासकट तो त्याच्या हातात आला.

आजी पुढे आल्या, पोरांच्या पाठीवरून हात फिरवला आणि लेकाकडे वळल्या.

"हेमू, माझं कुंकवाचं बोट फिरलेलं या पोरांना दिसलं, तुला तुझा पाना कुठे चुकला ते दिसलं नाही. उद्या हा हुक घेऊन गॅरेजमध्ये तूच जायचंस. आणि असा कुणी बसवला म्हणून तिथले लोक हसले, तर आपलं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचंस."