जावयाच्या पगाराचं पाकीट

रंगनाथ बोरस्ते यांच्या नजरेतून आजवर एकही गुन्हेगार सुटला नव्हता. नाव बदलणारे, वेष बदलणारे, मरणाचं सोंग घेणारे, सगळे त्यांच्या हाती लागले होते. एवढंच, की ते सगळे विनातिकीट प्रवासी होते. रंगनाथराव मनमाडला टीसी होते, आणि मरणाचं सोंग म्हणजे वरच्या बर्थवर तोंडावर शाल ओढून घोरणं.

निवृत्तीनंतर ते नाशिकला राहायला आले. गुन्हेगार मात्र मनमाडलाच राहिले. म्हणून त्या दुपारी मेव्हण्याचा फोन आला तेव्हा त्यांना जवळजवळ आनंदच झाला.

"मामा, लगेच या. चोरी झाली."

"काय गेलं, दाजी?"

"जावयाचा पगार."

द्वारका चौकाच्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ अडकली. विचार करायला भरपूर सवड होती. ती त्यांनी रिक्षावाल्याशी भांडण्यात घालवली.

प्रकरण असं होतं. भाची निकिताचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. नवरा सार्थक न्यू जर्सीत, निकिता माहेरी नाशकात. लग्न खरं आहे हे अमेरिकेच्या सरकारला पटलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की बायकोला बोलावतोस तर पोसणार कशावर ते दाखव. त्यासाठी त्यांनी उत्पन्नाची एक रेघ आखली होती. पहिल्या वेळी सार्थक त्या रेघेच्या खाली राहिला आणि प्रकरण अडकलं. यंदा तो वर आला. बायकोला सांभाळण्याचं हमीपत्र, त्यावर स्वतःच्या हातची सही, सोबत कराचे कागद आणि पगाराच्या पावत्या, असं जाडजूड पाकीट कुरियरनं आलं. निकिताच्या आईनं, म्हणजे उज्वलानं, ते देवापुढे ठेवलं. उद्या सकाळी मुंबईला व्हिसाचा इंटरव्ह्यू होता.

आणि आज दुपारी देवापुढे फक्त देव होते.

रंगनाथराव घरात शिरले तेव्हा उज्वला पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. निकिता भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पाहून रंगनाथरावांनी तयार ठेवलेला विनोद गिळला.

"मामा, परत नाही म्हणाले तर मी काय करू?" ती म्हणाली. "अजून एक वर्ष मला नाही जमणार. आणि त्यालाही नाही."

"सार्थकला फोन केलास?"

"कसा करू? रात्रपाळी करून आत्ता झोपला असेल."

"कुठं कुठं शोधलं?"

"सगळीकडे!" उज्वलाच उत्तरली. "दिवाण, माळा, फ्रिज. कपड्यांचं कपाट मी स्वतः बघितलं, दादा. आता तू गच्ची बघ."

रंगनाथराव देव्हाऱ्यापुढे वाकले. देवांची वस्त्रं कोरी होती. पाटाखालून मुंग्यांची एक रांग निघाली होती आणि शिस्तीत बेडरूमकडे चालली होती. जेवणाच्या टेबलावर चादरीची घडी आणि तिच्यावर इस्त्री. त्यांनी हात लावून पाहिला. कोमट. मग त्यांनी घरातल्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांचे कपडे चुरगळलेले होते.

त्यांनी हॉलमधली खुर्ची बाल्कनीत ओढली आणि एकेकाला बोलावलं.

पहिले शेखरदाजी, निकिताचे वडील. पिंपळगावला द्राक्षांचं पॅकहाऊस चालवणारा हा गडी व्यापाऱ्यांशी बोलताना शेजारचं गाव उठवायचा. आज आवाज बसला होता.

"दाजी, पाकिटाला हात लावला होता?"

"नाय."

"दाजी."

"लावला. परवा. उघडून बघितलं." त्यांनी मान खाली घातली. "सगळ्या पिंपळगावात सांगत फिरलो, जावई मॅनेजर हाय. म्हटलं, मॅनेजरला किती असतो ते तरी बघावं."

"मग?"

"दोन पगार निघाले, मामा. दिवसा एका दुकानात, रात्री एका गोडाऊनला. पोरगं निजतं कधी? त्या दिवसापासून जेवण जात नाय मला. लग्नात त्याला घातलेल्या सोन्याच्या अंगठीवरून मी त्याच्याशी लय भांडलो होतो." डोळे पुसत ते उठले. "पण पाकीट जागेवर ठेवलं. देवाशप्पथ."

दुसऱ्या मंजुषाताई, सार्थकची आई. इंटरव्ह्यूआधी सुनेला आशीर्वाद द्यायला त्या आजच मनमाडहून आल्या होत्या.

"ताई, तुमच्यावर संशय आहे."

"कळतंय मला. उज्वलाताई मघापासून बघताहेत माझ्याकडे."

"मुलाचा पगार विहिणीला कळू नये असं वाटलं असेल."

"वाटलं की. मॅनेजर मीच म्हणाले होते. तो काही म्हणाला नव्हता." त्यांनी पदर सारखा केला. "पण मी ते लपवलं, तर सून तिकडे जाणार कशी? तो एकटा डब्यातलं सूप पिऊन दिवस काढतोय. मी चोरी केलीय ती वेगळीच. निकिताच्या बॅगेत मेतकूट कोंबलंय, तिला न सांगता."

"दुपारी कुठं होतात?"

"झोपले होते. उज्वलाताई निकितासाठी देवाला अभिषेक करत होत्या. घंटा ऐकू येत होती. मध्येच थांबली."

"मध्येच?"

"हो. आरती झालीच नाही."

रंगनाथराव उठले. सगळ्यांना घेऊन ते बेडरूममध्ये गेले. मुंग्यांची रांग कपड्यांच्या कपाटाच्या दाराखाली शिरत होती.

"ते मी बघितलंय," उज्वला म्हणाली.

"हो, म्हणूनच," रंगनाथराव म्हणाले. "तिकीट नसलेला माणूस कधी गप्प बसत नाही, उज्वला. तो टीसीला मदत करतो. त्याला विचारा, यांना विचारा, पलीकडच्या डब्यात जा म्हणतो. या घरात सगळ्यात जास्त तू शोधलंस, आणि एक दार तेवढं दुसऱ्या कुणाला उघडू दिलं नाहीस."

त्यांनी दार उघडलं. पैठण्यांच्या खाली पाकीट होतं. आतले कागद एकमेकांना चिकटलेले, इस्त्रीनं पिवळे पडलेले, मुंग्यांनी भरलेले. दही, दूध, मध, तूप, साखर. सार्थकच्या सहीचा निळा ओघळ झाला होता.

निकितानं तोंडावर हात ठेवला.

"मुंग्यांनी पत्ता दिला," रंगनाथराव सांगू लागले. "कपडे चुरगळलेले आणि इस्त्री कोमट, म्हणजे वाळवलं होतं ते दुसरंच काही. घंटा थांबली तेव्हा पंचामृत सांडलं."

"चुकून सांडलं, दादा," उज्वला घाईघाईनं म्हणाली. "घाबरले आणि लपवलं. सहीला कुंकू लावावं म्हणून कागद बाहेर काढले, आणि वाटी कलंडली."

शेखरदाजींनी सुटकेचा निःश्वास सोडला. रंगनाथरावांनी सोडला नाही. त्यांनी पहिलं पान हळूच सोडवलं, मग दुसरं, मग शेवटचं.

"वाटी कलंडली तर वरचं पान भिजेल, उज्वला. फार तर दुसरं. इथं एकेका पानाला वेगळी आंघोळ आहे."

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"आधी थेंबभरच सांडलं," उज्वला म्हणाली. "कोपऱ्यावर. पदरानं पुसता आलं असतं."

"मग?"

"मग वाटी हातातच होती." ती पलंगावर बसली. "त्या कागदावर त्यानं लिहून दिलंय, हिला मी पोसीन. मला वाटलं, इतकी वर्षं कुणी पोसलं? मला कुणी कागद मागितला का? अजून एक वर्ष राहील, एवढंच आलं मनात. शेवटचं पान ओतून होईपर्यंत तेवढंच होतं मनात. नंतर हिचा चेहरा पाहिला." तिनं चिकट पाकीट मांडीवर ओढलं. "इस्त्री केली. वाळेना."

निकिता तिच्याकडे बघत राहिली. मग शेजारी बसली, पण हात धरला नाही.

"आई, पाकीट दिसलं नाही ना, तेव्हा एक क्षण मलाही बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "त्याच क्षणाची लाज वाटतेय मला दुपारपासून. पण मला जायचंय."

"जा," उज्वला म्हणाली.

रंगनाथरावांनी फोन पुढे केला. "लाव त्याला. नवरा आहे, झोप नंतर पुरी करेल."

सार्थक दुसऱ्या रिंगला उठला. ऐकून घेतलं, हसला नाही, रागावलाही नाही. वकिलातीच्या सूचना शोधून त्यानं वाचून दाखवल्या. सही हातानं केलेली हवी, पण तिची स्कॅन केलेली प्रत चालते. कराचे कागद आणि पावत्या त्याच्या मेलवर होत्या. नवं हमीपत्र भरून, सही करून त्यानं सगळं पाठवलं. शेखरदाजी प्रिंट काढायला धावत निघाले. दारात थांबून ओरडले, "जावईबापू, ती अंगठी राहू द्या तुमच्याकडंच! आणि एक पगार सोडा आता!" फोन केव्हाच बंद झाला होता.

रंगनाथराव हॉलच्या मधोमध उभे राहिले. चोर सापडला होता, गुन्हा उघड झाला होता, दोन खंडांतला एक संसार वाचला होता. आता कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून ते जरा घुटमळले.

उज्वलानं नाक पुसलं आणि वर पाहिलं.

"दादा, जाताना खालचं गेट तेवढं ओढून घे. कुत्री शिरतात."