बाकाचं दुसरं टोक

सातव्या डावात पाऊस आला आणि मार्नी प्रुएट ताडपत्री ओढायला धावली. मे महिन्यात मिसिसिपीत हे नेहमीचंच. ती कॉलेजात मृदाशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती, फावल्या वेळात मैदानाची देखभाल करायची, आणि बेसबॉलशी तिचा संबंध तिथल्या मातीपुरता. ओलीचिंब होऊन ती खेळाडूंच्या छपराखाली शिरली, तर अख्खा संघ बाकाच्या एका टोकाला दाटीवाटीने बसलेला, आणि दुसऱ्या टोकाला एक उंच मुलगा... एकटाच.

तिला दया आली. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"सगळे रुसलेत का रे तुझ्यावर?"

छपराखालच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. त्या पोराने, म्हणजे कोल्बी गिलियमने, समोरच्या संघाला अजून एकही फटका मारू दिला नव्हता. असा विक्रम जमत आला की गोलंदाजाशी बोलायचं नसतं. बोललं की दृष्ट लागते. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मार्नीला नव्हतं.

पाऊस थांबला आणि कोल्बीचा पहिलाच चेंडू फटका खाऊन कुंपणापार गेला.

सामन्यानंतर ती चोरासारखी ताडपत्री गुंडाळत होती, तेव्हा तो उकडलेल्या शेंगांचा पुडा घेऊन आला.

"मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"ते कळलंच. दुसरा विषय नव्हता का काढायला?"

"मातीचा होता."

"मग तो काढ."

तिने काढला. जून सरला तरी तो विषय संपेना... मध्ये मध्ये मातीचं नावही निघत नसे.

जुलैत एका व्यावसायिक क्लबाने कोल्बीला निवडलं. सही करून जायचं, की उरलेलं एक वर्ष शिकून पदवी घ्यायची? सल्ल्यांना तोटा नव्हता. कोच म्हणाले, शिक्षणासारखं धन नाही. त्यांच्याकडे पुढच्या हंगामाला दुसरा गोलंदाज नव्हता. वडील म्हणाले, कोपर धड आहे तोवर जा. त्यांचं स्वतःचं एकोणिसाव्या वर्षीच गेलं होतं. आईला पदवी हवी होती, कारण तिची राहिली होती. सगळे त्याच्या भल्याचंच बोलत होते. गप्प होती ती एकटी मार्नी.

सहीच्या आदल्या दिवशी तो रिकाम्या मैदानावर माती सारखी करणाऱ्या मार्नीपाशी आला आणि तिच्यासह बाकाच्या त्याच टोकाला बसला.

"बोलायचं नव्हतं तेव्हा बोललीस. आता काय झालं?"

"तेव्हा तुझा एक सामना गेला. आता..." तिने बुटाने माती उकरली. "थांब, कोल्बी. जाऊ नकोस. आणि हे माझं ऐकू नकोस, कारण तुझ्या भल्याचा मी काडीचाही विचार केलेला नाही. मला तू इथे हवा आहेस, एवढंच."

तो हसला.

"महिनाभरात खरं बोललेलं पहिलं माणूस."

"मग?"

"जाणार आहे." त्याने तिचा मातीने माखलेला हात हातात घेतला. "वडिलांसाठी नाही, मलाच बघायचंय जमतं का ते. पण राहिलेल्या शिक्षणाचा खर्च क्लबाने द्यायचा, असं करारात लिहून घेतलंय. हंगाम संपला की येईन."

"सगळे असंच म्हणतात."

"हो," तो म्हणाला.

तो गेला. मार्नीने त्या उन्हाळ्यात ताडपत्री गरजेपेक्षा जास्त वेळा गुंडाळली.

जानेवारीच्या छोट्या सत्रात मृदाशास्त्राच्या वर्गात उशिरा एक उंच मुलगा शिरला. क्लबाची टोपी बघून पोरं बिचकली. मागच्या बाकावर त्याच्या शेजारी कुणी बसेना. मार्नी उठली, वह्या उचलल्या, आणि प्राध्यापक बोलत असतानाच त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"सगळे रुसलेत का रे तुझ्यावर?"

"एक सोडून," कोल्बी म्हणाला, आणि सरकून तिला जागा करून दिली... अगदी थोडीच.