दादाच्या गाडीचा नवा आवाज

पटवून द्यायला माझ्याकडे काहीच नाही. पण दादाला खोटं बोलता येत नाही. बोलला तर कान लाल होतात, हे आम्हा सगळ्या भावंडांना लहानपणापासून माहीत आहे. हे सांगताना त्याचे कान लाल झाले नव्हते.

चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला आहे. मावशी गेल्यापासून घरात तो आणि काका, म्हणजे त्याचे वडील, दोघंच. काकांची नजर जवळजवळ गेलेली. गल्लीतलं शेवटचं घर. त्यापुढे गोदामाची उंच भिंत, रस्ता तिथेच संपतो.

दादाची गाडी जुनी, पण त्याचा तिच्यावर भारी जीव. तिला हवा आत ओढणारा नवा इनटेक आणि नवा सायलेन्सर बसवायचं त्याच्या डोक्यात कधीपासून घोळत होतं. एका रविवारी तो काकांनाही गॅरेजमध्ये घेऊन गेला. तेवढाच त्यांना विरंगुळा.

मेकॅनिकने समजावलं, इनटेक मोठा केला की इंजिन मोकळा श्वास घेतं, सायलेन्सर मोकळा केला की मोकळा सोडतं. दोन्ही जोडीनेच बदलायचे. मग त्याने तिथे उभ्या असलेल्या तीन गाड्या सुरू करून आवाज ऐकवले.

पहिला कर्कश. दुसरा इतका मवाळ की बदलून उपयोग काय?

तिसरा खोल होता. घुमणारा. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की घसा खाकरल्यासारखा...

स्टुलावर बसलेल्या काकांनी मान वर केली.

"हा घे. वळणावरूनच कळेल मला, तू आलास ते."

संध्याकाळी काका एकटे दाराकडे कान लावून बसतात, हे दादाला ठाऊक होतं. त्याने तसाच कोरा सायलेन्सर घेतला. जोडीला मोठा इनटेकही.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. दादा गाडी लावेपर्यंत काका दार उघडून उभे असायचे.

मग एका संध्याकाळी दार बंद होतं.

दादाने बेल वाजवली. बऱ्याच वेळाने काकांनी उघडलं. चेहऱ्यावर गोंधळ.

"परत कुठे गेला होतास?"

"परत म्हणजे?"

"मघाशीच आलास की."

डुलकी लागली असेल, असं म्हणून दादाने ते हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काकांच्या खुर्चीला खेटून दुसरी खुर्ची ओढलेली होती.

दादाने सहज विचारल्यासारखं विचारलं, मी आल्यावर तुमच्याशी काय बोलतो?

काही नाही, काका म्हणाले. नुसता बसतोस.

मग म्हणाले, "श्वास फार जोरात घेतोस रे हल्ली. दम लागतो का तुला?"



कोणी भामटा शिरतोय, असंच दादाला आधी वाटलं. त्याने कुलूप बदललं. समोरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमची गाडी रोज दोनदा येते ना? पहिल्या वेळी मी खिडकीतून बघते, तर गाडी दिसतच नाही... मला वाटलं, भिंतीमुळे आवाज घुमतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा थेट गॅरेजवर गेला. सगळं काढ आणि जुनं बसव, म्हणाला. मेकॅनिक कुरकुरला, पण बसवलं. गाडी पुन्हा पहिल्यासारखी गपगार झाली. दादाने त्या दिवशी कामावर दांडी मारली. गाडी दारात लावली, किल्ली खिशात टाकली आणि काकांच्या शेजारी बसून राहिला.

दिवेलागण झाली.

गल्लीत शांतता...

आणि वळणावरून तो आवाज आला.

खोल. घुमणारा. हळूहळू जवळ येणारा. फाटकापाशी घसा खाकरल्यासारखा झाला... आणि थांबला.

दादाने पडदा सारला. बाहेर त्याची एकटी गाडी उभी होती.

इंजिनचा आवाज बंद झाला होता. पण हवा आत ओढल्याचा आवाज थांबला नव्हता.

लांब... संथ...

तो पायऱ्या चढत होता.

काकांचा चेहरा उजळला. ते उठले.

"आला."

दादाने त्यांचा हात घट्ट धरला. "बाबा, मी इथेच आहे. तुमच्याजवळ."

काका थबकले. त्यांनी दुसरा हात दादाच्या चेहऱ्यावरून फिरवला. कपाळ, नाक, दाढीचे खुंट. दाराच्या फटीतून श्वास ऐकू येत होता.

मग काकांनी अगदी हळू विचारलं,

"तुम्ही कोण?"

दादाने दार उघडू दिलं नाही. काका रडले, हात सोडवायला धडपडले, बाहेर पोरगा थंडीत उभा आहे म्हणाले. बऱ्याच वेळाने श्वास ऐकू येईनासा झाला.

परत जाणाऱ्या गाडीचा आवाज मात्र आला नाही. त्या दिवशी नाही, आणि त्याआधीही कधी आला नव्हता, हे दादाच्या तेव्हा ध्यानात आलं. रोज यायची ती फक्त.

त्यांनी ते घर सोडलं. गाडी विकली. आता दूरच्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर राहतात. डॉक्टर म्हणतात, या वयात होतो असा गोंधळ. असेलही. पण समोरच्या बाईंचं काय?

मागच्या आठवड्यात मी गेले होते. काकांनी मला आवाजावरून लगेच ओळखलं, नावाने हाक मारली. दादाशी मात्र ते पाहुण्याशी बोलावं तसं बोलतात. अहो-जाहो करून.

मी चहा केला. तीन कप घेऊन बाहेर आले. काकांनी दादाला म्हटलं, "तुम्ही घ्या." मग माझ्याकडे वळले.

"आणि त्याचा झाकून ठेव. येईलच आता."

बाहेर अंधारून येत होतं. खाली रस्त्यावर काहीच ऐकू येत नव्हतं, निदान मला तरी.

दादाने उठून टीव्हीचा आवाज वाढवला.