दोन तुरींएवढा खळगा

थोरल्या नातीचं बारसं झालं, त्याच वर्षी दादू झोऱ्याचं नवं घर उभं राहिलं. साल २०५८. कोयनेच्या खोऱ्यात धरणीचे हादरे नित्याचे, आणि दगडमातीच्या भिंतींना तडे ठरलेले. म्हणून त्या साली खोऱ्यात मुरत्या भिंतींची घरं आली. दिसायला काळा पाषाण, हातोडी मारली तर खणखणीत. पण तडा गेला की सहा महिन्यांत आपला आपण मिटायचा. आत पोलादी जाळी होती, म्हणून भिंत ढासळत नसे. लोक खूश होते. फक्त भिंतीला ठोकलेली खुंटी दोन-चार वर्षांत तिच्या पोटात जाई, एवढीच तक्रार.

गृहप्रवेशाला ठकूबाईने हळदीत हात बुडवून दारालगत पंजा उमटवला. भिंत ओतून आठवडाच झालेला, अजून कोमट होती. पंजा चांगला रुतला.

"अगं, भिंत हाय ती. म्हशीची पाठ न्हवं," दादू म्हणाला.

"बरंच की. लाथ तरी मारायची न्हाई," ठकूबाई म्हणाली.

अकरा वर्षांनी ठकूबाई गेली. दिवसांना नात आली होती, तिला शाळेतून वस्तू मोजायचा अभ्यास होता. तिने पंजावर काठी आडवी धरली आणि खाली तुरीचे दाणे सरकवले. एकावर एक दोन दाणे मावले. तिने वहीत लिहिलं आणि आईबरोबर साताऱ्याला निघून गेली.

मग दादू आणि म्हैस. सकाळी चहा झाला की म्हशीने तुडवलेल्या वाकड्या अंगठ्याचा आपला हात तो त्या खळग्यात ठेवून थोडा वेळ उभा राही, मग धारेला जाई. दोन वर्षांनी त्याला वाटलं, बोटं नीट बसत नाहीत. त्याने काठी धरून पाहिली. दुसरा दाणा आत जाईना.

भिंतींच्या तपासणीला दरवर्षी नाझनीन बागवान येई. ही भिंत ज्या प्रयोगशाळेत तयार झाली, तिथली ती शास्त्रज्ञ. दादूने तिला दाणे दाखवले.

"मामा, ही भिंत घन दिसते, पण आहे द्रव," ती म्हणाली. "घन पदार्थ आपला आकार धरून ठेवतो. द्रव धरत नाही, तो खळगा भरून काढतो. थंडीतली काकवी बघा. भांडं कलतं केलं तरी हलत नाही, पण हलत असतेच. ही काकवी लाख पटीने दाट. तडा मिटतो तो त्यामुळेच."

"तडा मिटू दे की. ह्यो काय तडा हाय?"

"भिंतीला ते कळत नाही, मामा."

दादू खळग्याकडे बघत राहिला. "मग आतलं गेलं कुठं?"

"कुठंच नाही. भिंत तोलली तर वजन तेवढंच भरेल. आकारमान तेवढंच, पदार्थही तोच. फक्त आकार गेला."

"म्हंजी काईच गेलं न्हाई म्हण की."

नाझनीनने पुढ्यातला चहा उचलला. चहा पिऊन झाल्यावर तिने दोन उपाय सांगितले. एक, तेवढा तुकडा कापून प्रयोगशाळेच्या शीतगृहात ठेवायचा. "न्हाई. ती हितं ऱ्हाती," दादू म्हणाला. दुसरा, ही खोली थंड ठेवायची. काकवी उबेनं पातळ होते, तसंच हे.

"आणि हात लावत जाऊ नका. अंगाची ऊब भिंतीला लागते."

दादूचा कप हातातच राहिला. "मी रोज लावतो."

"थोडाच फरक पडला असेल," ती घाईने म्हणाली.

त्या दिवशी दादूने चूल गोठ्यात नेली. खिडक्या उघड्या टाकल्या. पंजासमोर हातभर जागा सोडून घोंगडीवर बसू लागला. लेक सुनंदा फोनवर रागावली. "आबा, हिवाळाभर तरी इकडं या. तिथं आहे कोण?" तो म्हणाला, म्हशीला सोडून कसा येऊ. म्हैस विकली तेव्हा ते कारणही संपलं, पण तो गेला नाही. दोन हिवाळे उलटले, त्याने हात लावला नाही. एक तूर अन् वर थोडं, तेवढं टिकलं होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याला ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. शेजारणीने पेज आणली, खिडक्या लावू का विचारलं. तो नको म्हणाला. ती गेल्यावर त्याने अंथरूण भिंतीशी ओढलं. हाताला चटका बसावा असा ताप होता, आणि काय होणार ते त्याला ठाऊक होतं. काकवीचं गणित त्याला पाठ होतं. तरी त्याने पंजा खळग्यात ठेवला आणि अंगाचा भार त्याच्यावर टाकला. भिंत आधी गार लागली. मग हळूहळू लागेनाशी झाली. चार दिवस शेजारीण यायची, पेज ठेवायची आणि तो हात काढायचा नाही.

पुढे नाझनीन तपासणीला आली. सुनंदा घर आवरत होती. खळगा आता दोन तुरींहून खोल होता. ठशाची बोटं जाड होती, आणि अंगठ्याचं पेर वाकडं, म्हशीने तुडवलेलं.

"आईचा हात आहे तो," सुनंदा म्हणाली. "गृहप्रवेशाचा. किती वर्षं राहील?"

"घर रिकामं आणि थंड राहिलं तर सहा," नाझनीन म्हणाली. बाकी काही तिने सांगितलं नाही.

ठकूबाई २०६९ साली वारली. दादू झोरे २०७४ साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.